जुन्या गाडीचा गियर आणि हँडब्रेक: गॅरेज गाठण्याआधी काय तपासावे

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जुनी चारचाकी घेणारे अनेक जण कोल्हापूर, सांगली, गोवा किंवा हुबळीकडची गाडी पाहून येतात. सपाट रस्त्यावर दोन-चार किलोमीटर चालवून व्यवहार पक्का होतो आणि गाडी दारात येते. मग एखाद्या रविवारी चोर्ला घाट, आंबोली घाट किंवा निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना पहिल्यांदा लक्षात येते की दुसरा गियर टाकताना करकर होते, रिव्हर्स दोन-तीनदा प्रयत्न केल्याशिवाय पडत नाही, आणि चढावर हँडब्रेक ओढून थांबलो तर गाडी हळूहळू मागे सरकते. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गियरबॉक्स उतरवावा लागेल’ हे वाक्य ऐकले, की नवख्या मालकाला व्यवहारात फसल्यासारखे वाटते.

प्रत्यक्षात या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा गियरबॉक्सच्या बाहेर असते. क्लचच्या पॅडलपासून गियरबॉक्सपर्यंत, गियरच्या दांड्यापासून सिलेक्टरपर्यंत (गियर निवडणाऱ्या भागापर्यंत) आणि हँडब्रेकच्या लिव्हरपासून मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या केबल, सांधे आणि बूश (सांध्यात बसवलेल्या छोट्या नळ्या) यांतच ते सापडते. त्यामुळे तपासणी बाहेरून आत आणि स्वस्त भागाकडून महाग भागाकडे करावी. हा क्रम पाळणाऱ्याला गॅरेजमध्ये नेमकी तक्रार सांगता येते, आणि नेमकी तक्रार सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी उगाच उघडली जात नाही.

तयारी

गाडीची माहितीपुस्तिका मिळवावी. जुन्या मालकाकडे ती नसल्यास कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलांची पुस्तिका मिळते. पॅडलची मोकळी चाल, गियर ऑइलचा दर्जा आणि हँडब्रेकचे खटके यांचे आकडे मॉडेलागणिक बदलतात, म्हणून खाली दिलेले आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. शेवटचा शब्द पुस्तिकेचा. सोबत चांगला टॉर्च, स्टीलची पट्टी, पांढरा कागद, चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड आणि एक जाणता सोबती एवढे असले की पुरते.

एक नियम मात्र कोणत्याही कारणाने मोडू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या लाल मातीत पावसाळ्यात जॅकचा पाय बघता बघता रुततो, म्हणून जॅकखाली जाड फळी ठेवावी आणि गाडी उचलल्यावर तिचे वजन भक्कम स्टँडवर घ्यावे. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक स्टँड म्हणून वापरू नयेत. ते कोणतीही सूचना न देता फुटतात.

पहिली पायरी: इंजिन बंद ठेवून गियर टाकून पाहणे

सपाट जागी गाडी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबावा आणि सगळे गियर एकेक करून सावकाश टाकून पाहावेत. एखादा गियर लगेच पडला नाही तर दांडा न्यूट्रलला आणून क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा, कारण उभ्या गाडीत दाते दातांसमोर आले की तेवढ्यापुरता अडथळा येणे स्वाभाविक असते. त्यानंतर इंजिन चालू करून हेच पुन्हा करावे.

या एका तपासणीने निम्मे निदान होते. इंजिन बंद असताना सगळे गियर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात किंवा करकरतात, असे असेल तर क्लच पूर्णपणे सुटत नाही, म्हणजे पॅडल दाबूनही इंजिन गियरबॉक्सपासून पुरते वेगळे होत नाही, असे समजावे. इंजिन बंद असतानाही दांडा जड जात असेल, तर दोष दांड्याच्या केबलमध्ये, लिंकेजमध्ये (दांडा गियरबॉक्सला जोडणाऱ्या सळया-सांध्यांमध्ये), सिलेक्टरमध्ये किंवा तेलात शोधावा. आणि उभ्या गाडीत दोन्ही वेळा सगळे ठीक असून धावत्या गाडीत एखादाच ठरावीक गियर करकरत असेल, तरच गियरबॉक्सच्या आतल्या भागांचा संशय घ्यावा.

नवख्या चालकासाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. अनेक गाड्यांत रिव्हर्स गियर पडण्यासाठी दांड्याखालची रिंग वर ओढावी लागते किंवा दांडा खाली दाबावा लागतो, आणि ही पद्धत माहीत नसल्यामुळे ‘रिव्हर्स पडत नाही’ अशी तक्रार घेऊन लोक गॅरेजमध्ये जातात. शिवाय अनेक गियरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोमेशची, म्हणजे गियर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवून घेणारी, सोय नसते. त्यामुळे गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, तीन-चार सेकंद वाट पाहूनच रिव्हर्स टाकावा. एवढे केल्यावर करकर थांबत असेल तर तो दोष मानण्याचे कारण नाही.

क्लच सुटत नाही, म्हणजे नेमके काय पाहायचे

सर्वात आधी पॅडलखाली वाकून पाहावे. पावसाळ्यात चिखलापासून बचाव म्हणून मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट किंवा काथ्याचा तुकडा टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती मॅट पुढे सरकून पॅडलखाली गेली की पॅडल शेवटपर्यंत दाबले जात नाही आणि क्लच अर्धवट सुटतो. मॅट काढून पुन्हा गियर टाकून पाहावा. हे सुचवणे बालिश वाटेल, पण याच कारणासाठी क्लच प्लेट बदलून घेतलेल्या गाड्या असतात.

त्यानंतर मोकळी चाल मोजावी. पॅडल हाताने हलके दाबल्यावर जेथपर्यंत ते अडथळ्याशिवाय जाते, तेवढे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. केबलवर चालणाऱ्या क्लचच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ही चाल साधारण पंधरा ते पंचवीस मिलिमीटरच्या आसपास असते. ती फार वाढली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गियर करकरतात. ती अजिबात उरली नसेल तर क्लच घसरतो, म्हणजे चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंगही लवकर झिजते. केबलच्या गियरबॉक्सकडील टोकाला असलेल्या नटाने ही चाल जुळवता येते. जुळवण्याची जागा संपत आली असेल, तर एक तर केबल ताणली गेली आहे किंवा प्लेट झिजत आली आहे.

केबल कशी आहे हे ती हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पॅडलकडच्या टोकाशी आतल्या तारेचे पदर दिसतात. त्यांतले दोन-तीन तुटून बाहेर आलेले असतील, तर ती केबल कधी तुटेल याचा भरवसा नाही. वरचे आवरण फाटून आत पाणी गेलेले असेल, तर पॅडल जड होते आणि सोडल्यावर सावकाश वर येते. अशा केबलमध्ये तेल सोडल्यास काही दिवस बरे वाटते, पण गंजलेली तार पुन्हा अडकते. केबल बदलणे हाच इलाज आहे, आणि तो क्लच सेट बदलण्यापेक्षा कितीतरी कमी खर्चाचा आहे.

काही गाड्यांत क्लचला केबल नसते. ब्रेकप्रमाणे तेलाच्या दाबावर तो चालतो. अशा गाडीत क्लचच्या टाकीतील तेलाची पातळी पाहावी आणि पॅडलच्या वरच्या बाजूला मास्टर सिलिंडरपाशी तसेच गियरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडरपाशी ओल आहे का, हे बोट लावून पाहावे. पॅडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गियर सहज पडत असेल, तर तेलात हवा शिरली आहे किंवा सिलिंडरमधील रबरी वॉशर गळत आहे. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे जे लिहिलेले असेल तेच तेल घालावे. इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही तेल घातल्यास आतले रबर फुगते आणि मग क्लचबरोबर ब्रेकही धोक्यात येतो, कारण कित्येक गाड्यांत दोन्हींची टाकी एकच असते.

हे सगळे ठीक असूनही क्लच सुटत नसेल किंवा घसरत असेल, तर मात्र प्लेटचा विचार करावा. गियरबॉक्स खाली उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही भाग एकदमच बदलावेत. मजुरी एकदाच द्यावी लागते. त्याच वेळी फ्लायव्हीलचा (क्लच ज्याला लागून बसतो त्या इंजिनाच्या जड चाकाचा) पृष्ठभाग आणि इंजिनाच्या मागच्या बाजूचे ऑइल सील पाहून घ्यावे. सील गळके राहिले तर नवी प्लेट तेलाने भिजून काही महिन्यांतच पुन्हा घसरू लागते.

दांडा, बूश आणि लिंकेज

गियरचा दांडा न्यूट्रलमध्ये असताना डावीकडे-उजवीकडे थोडा हलतो, हे योग्यच आहे. पण गियरमध्ये टाकल्यावरही तो सैल लोंबकळत असेल, पहिल्याऐवजी तिसरा गियर पडत असेल किंवा गियर कोठे आहे हे चाचपून पाहावे लागत असेल, तर बूश झिजले आहेत. एका माणसाने आत बसून दांडा हलवावा आणि दुसऱ्याने बोनेट उघडून गियरबॉक्सवरच्या लिव्हरकडे पाहावे. आत दांडा हलतो आणि बाहेरचा लिव्हर उशिरा किंवा अर्धाच हलतो, तर मधल्या सांध्यात ढिलेपणा आहे, हे डोळ्यांनीच दिसते. जुने प्लॅस्टिकचे बूश काढायला गेल्यास कित्येकदा ते अख्खे निघत नाहीत. पिवळट, ठिसूळ झालेले तुकडे सुपारीच्या चुऱ्यासारखे हातात येतात. एवढ्याशा भागामुळे गियरबॉक्स बिघडल्याचा भास होतो.

बूश शक्यतो कंपनीचा किंवा चांगल्या बनावटीचा तयारच घ्यावा. बंद पडलेल्या मॉडेलचा भाग बाजारात मिळत नसेल, तर बेळगावात उद्यमबागेच्या परिसरात लेथचे काम करणारे कारागीर नमुना पाहून नायलॉनचा किंवा पितळी बूश कातून देतात. आपल्या भागातील मालकाला मिळणारी ही मोठी सोय आहे, मात्र नमुन्यासाठी जुना बूश, त्याचे तुकडे झाले असले तरी, फेकून न देता सोबत न्यावा.

याच वेळी इंजिन आणि गियरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसतात तीही पाहावीत. रबर फाटले असेल तर ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन झुकते, त्याबरोबर दांडा पुढे-मागे हलतो आणि चालू गियर कधी कधी निसटतो. ‘तिसरा गियर आपोआप न्यूट्रलला येतो’ ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीचे माउंटिंग तपासल्याशिवाय गियरबॉक्स उघडू देऊ नये. माउंटिंग आणि लिंकेज दोन्ही चांगली असूनही घाट उतरताना, ॲक्सिलरेटर सोडल्यावर गियर निसटत असेल, तर आतील सिलेक्टरचा काटा, त्याची गोळी-स्प्रिंग किंवा गियरचे दाते झिजले आहेत, आणि तेथे मात्र पर्याय नाही. अशी गाडी घेऊन चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरू नये. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो.

गियर ऑइल: कागदावर दोन थेंब

इंजिन ऑइल सगळे बदलतात, गियर ऑइलकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. गाडी थोडी चालवून गरम झाल्यावर ती सपाट जागी उभी करावी आणि गियरबॉक्सचा वरचा, म्हणजे तेल भरण्याचा बोल्ट आधी सोडावा. खालचा बोल्ट आधी सोडला, सगळे तेल सांडले आणि मग वरचा बोल्ट गंजून बसला आहे हे कळले, तर गाडी जागची हलवता येत नाही. म्हणून हा क्रम उलटा करू नये.

वरच्या भोकाच्या काठापर्यंत तेल पोहोचत असेल तर पातळी बरोबर आहे. बोटाला लागलेले तेल पांढऱ्या कागदावर टिपावे आणि उन्हात धरून पाहावे. सोनेरी चकाकी दिसली तर ती सिंक्रो रिंगचे पितळ झिजल्याची खूण आहे; थोडी चकाकी जुन्या गाडीत चालून जाते, पण तेल सोनेरी रंगवल्यासारखे दिसत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गियरची करकर कोठून येते ते कळले. बोल्टच्या चुंबकावर राखाडी पीठ असणे सामान्य आहे. लोखंडाचे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला तर गाडी चालवणे थांबवावे. तेल दुधाळ दिसत असेल तर आत पाणी गेले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठावरील कोल्हापूर, सांगली, चिकोडी, निपाणी भागांत जे महापूर आले, त्यांत बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून पुढे विकल्या जाऊ शकतात, याचे भान त्या भागातील गाडी घेताना ठेवावे. दुधाळ गियर ऑइल, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि गालिच्याखालचा बारीक गाळ या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर व्यवहारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेल भरताना ग्रेडकडे बारकाईने पाहावे. पितळी सिंक्रो असलेल्या कित्येक गियरबॉक्सना जीएल-४ दर्जाचे तेल लागते. मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलसाठी वापरतात त्या जीएल-५ तेलातील रसायने जास्त तीव्र असल्यामुळे ती पितळेला मारक ठरू शकतात, आणि ते तेल गियर पडण्याच्या बाबतीतही त्रास देऊ शकते. दुकानदाराने ‘सगळे गियर ऑइल सारखेच’ असे सांगितले तरी डब्यावरचा दर्जा वाचूनच डबा घ्यावा. घट्ट तेल घातल्यास करकर कमी ऐकू येते, म्हणून विकण्यापूर्वी तसे करणारे काही जण असतात. थंडीच्या सकाळी दांडा फारच जड जात असेल आणि दहा-बारा किलोमीटरनंतर हलका होत असेल, तर तेही एक कारण असू शकते.

हँडब्रेक: आधी चाचणी, मग पाना

हँडब्रेकची चाचणी दोन ठिकाणी करावी. पहिली सपाट जागी: लिव्हर सावकाश ओढत खटके मोजावेत. बहुतेक छोट्या गाड्यांत चार ते आठ खटक्यांत ब्रेक पक्का लागायला हवा. लिव्हर छताकडे पाहू लागला तर कोठेतरी ढिलाई आहे, आणि दोन खटक्यांतच घट्ट होत असेल तर कोणीतरी केबल प्रमाणाबाहेर ताणली आहे. तेही तितकेच वाईट, कारण चालत्या गाडीत मागचे शू (ब्रेक लावताना आतून दाबले जाणारे अर्धगोल भाग) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, घासत राहतात.

दुसरी चाचणी उतारावर. येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे जाणाऱ्या चढासारखी, पण रहदारी नसलेली जागा निवडावी. खाली कोणी माणूस, जनावर किंवा गाडी नाही याची खात्री करून इंजिन बंद करावे, न्यूट्रल करावे, हँडब्रेक ओढावा आणि पायाचा ब्रेक हळूहळू सोडावा. पाय मात्र पॅडलवरच असू द्यावा. सोबत्याने चाकामागे हात घालून दगड ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. दगड आधीच, चाकापासून वीतभर अंतरावर, उताराच्या बाजूला ठेवलेला असावा. गाडी जागची हलली नाही तर हँडब्रेक चालतो. ही चाचणी गाडीचे तोंड चढाकडे आणि उताराकडे अशी दोन्ही बाजूंनी करावी.

आता दुरुस्ती. येथे आपल्याकडच्या पुष्कळ गॅरेजांत एक चुकीचा शॉर्टकट वापरला जातो: लिव्हरखालचा नट आवळून केबल ताणायची आणि गाडी परत द्यायची. त्या दिवशी हँडब्रेक लागतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण मागच्या ड्रममधील शू झिजल्यामुळे किंवा त्यांचे ड्रमपासूनचे अंतर जुळवणारा ॲडजस्टर अडकल्यामुळे जी ढिलाई आलेली असते, ती तशीच राहते. उलट केबल ताणून ठेवल्याने शू पूर्ण मागे जात नाहीत आणि आपोआप जुळणारी यंत्रणा काम करेनाशी होते. म्हणून योग्य क्रम असा आहे: आधी केबल सैल करावी, मग ड्रम उघडून शू जुळवावेत, आणि सर्वांत शेवटी केबलचा नट.

ड्रम काढण्यासाठी पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत, हँडब्रेक सोडावा, मागच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि मग गाडी उचलून स्टँडवर घ्यावी. ड्रम अडकून बसला असेल तर हातोड्याने बेभान ठोकू नये. अनेक ड्रमना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेले की ड्रम सुटतो. आत साचलेली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नये. शूवर चिकटवलेल्या जुन्या लायनरच्या (घर्षणाच्या थराच्या) धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. तोंडाला मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसावी.

आत तीन गोष्टी पाहायच्या असतात. लायनर दीड-दोन मिलिमीटरवर आला असेल तर बदलावा. लायनरवर तेलकट डाग असेल तर तो व्हील सिलिंडरमधून गळणाऱ्या ब्रेक ऑइलचा आहे की, मागच्या एक्सलला तेल असणाऱ्या जीपवजा गाड्यांत, एक्सलच्या सीलमधून आलेला आहे, हे आधी ठरवावे. गळती न थांबवता नवे लायनर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. भिजलेला लायनर घासून किंवा पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नये, आणि बदलताना दोन्ही चाकांचे शू जोडीनेच बदलावेत. तिसरी गोष्ट म्हणजे शूवर बसलेला हँडब्रेकचा छोटा लिव्हर आणि ॲडजस्टर: हे दोन्ही बोटाने हलतात की गंजून बसले आहेत? गंजले असतील तर साफ करून, शू ज्या पत्र्यावर घासतात त्या बिंदूंना उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी पातळ लावावे. लायनरवर ग्रीसचा कणही जाता कामा नये. ड्रममध्ये खोल चर पडले असतील तर लेथवर तो साफ करून घेता येतो, मात्र ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे गेलेला ड्रम बदलावाच लागतो.

ड्रम परत बसवल्यावर, आपोआप जुळणारी यंत्रणा असेल तर गाडीच्या पद्धतीप्रमाणे पायाचा ब्रेक किंवा हँडब्रेक वारंवार चालवून आतील टकटक थांबेपर्यंत शू जुळू द्यावेत. हाताने फिरवायचे चांदणीच्या आकाराचे चाक असेल तर मागच्या पत्र्याच्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने ते फिरवावे. चाक हाताने फिरवताना शू जेमतेम घासल्याचा आवाज आला की थोडे मागे घ्यावे. यानंतर हँडब्रेक पुस्तिकेत दिलेल्या खटक्यांपर्यंत ओढून केबलचा नट जुळवावा. लिव्हर पूर्ण सोडल्यावर दोन्ही मागची चाके मोकळी फिरली पाहिजेत आणि ओढल्यावर दोन्ही सारखीच अडली पाहिजेत. एकच चाक अडत असेल तर दोष केबलच्या त्या बाजूच्या फाट्यात किंवा दोन्ही बाजूंना ताण वाटून देणाऱ्या इक्वलायझरमध्ये असतो.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही जळत राहिला, तर लिव्हरखालच्या स्विचकडे वळण्याआधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. बऱ्याच गाड्यांत दोन्हींसाठी एकच दिवा असतो.

पावसाळ्यातली चिकटलेली चाके

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जेथे जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही, तेथे हँडब्रेक न लागण्यापेक्षा तो न सुटण्याची तक्रार जास्त ऐकू येते. ओल्या ड्रमवर शू दाबून ठेवले आणि गाडी काही दिवस तशीच उभी राहिली, की गंजाने दोन्ही एकमेकांना चिकटतात. गाडी धुतल्यावर किंवा साचलेल्या पाण्यातून आल्यावर शेवटचे काही अंतर ब्रेक हलके दाबत, हळू चालवून शू वाळवावेत, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी, गियरमध्ये टाकून, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवावा. चिकटलेले चाक सोडवण्यासाठी ॲक्सिलरेटर जोराने देऊन गाडी ओढू नये. त्यात लायनर शूपासून सुटून येऊ शकतो. पुढे-मागे हलके झोके द्यावेत, तेवढ्याने न सुटल्यास ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा लावून त्यावर हातोडी मारावी.

एखाद्या लांब फेरीनंतर मागच्या एका चाकाजवळ हात नेल्यावर दुसऱ्यापेक्षा जास्त धग लागत असेल, तर त्या बाजूची केबल अडकून शू पूर्ण सुटत नाही, असे समजावे. ही धग हाताने नुसती जवळून अजमावावी, ड्रमला स्पर्श करू नये.

उतारावर उभी करताना

हँडब्रेक कितीही चांगला असला तरी चढाकडे तोंड असताना पहिला आणि उताराकडे तोंड असताना रिव्हर्स गियर टाकून ठेवावा. पायाचा ब्रेक दाबून आधी हँडब्रेक ओढावा, मग गियर टाकावा आणि नंतर पाय सोडावा, म्हणजे गाडीचे वजन गियरच्या दातांवर येत नाही. घाटात थांबण्याची वेळ आलीच तर चाके डोंगराच्या बाजूला वळवून ठेवावीत. थांबण्याची जागा दरीच्या बाजूलाच असेल तर तेथे गाडी सोडून खाली उतरण्याचा मोह टाळावा.

ऑटोमॅटिक गाडीतही हँडब्रेक आधी आणि ‘पी’ (पार्क) नंतर, हाच क्रम असावा. क्लच पॅडल नसलेल्या पण आत साधाच गियरबॉक्स असणाऱ्या एएमटी गाड्यांत पुष्कळदा ‘पी’ नसते. त्या गियरमध्ये ठेवूनच बंद करायच्या असतात. एएमटीमध्ये गियर उशिरा पडणे किंवा झटका बसणे हा प्रकार क्लच झिजल्यामुळे किंवा गियर बदलणाऱ्या यंत्रणेमुळे होतो, आणि क्लच बदलल्यावर संगणकीय उपकरणाने तिची जुळणी पुन्हा करावी लागते. ते उपकरण ज्याच्याकडे नाही त्याला ती गाडी उघडू देऊ नये. बटणाच्या हँडब्रेकच्या बाबतीतही तेच: मागचे पॅड बदलण्यासाठी त्याची मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, पिस्टन जोराने मागे दाबला तर मोटर बिघडते.

गॅरेजमध्ये गाडी देताना

तक्रार ‘गियर नीट पडत नाही’ अशी मोघम सांगू नये. ‘इंजिन बंद असताना सगळे गियर पडतात, चालू असताना पहिला आणि रिव्हर्स करकरतात, पॅडलची मोकळी चाल इतकी आहे’ असे सांगावे आणि ते कागदावर लिहून द्यावे. सुट्या भागांचा आणि मजुरीचा अंदाज वेगवेगळा लिहून घ्यावा, आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. मिस्त्री चांगला असेल तर त्याला याचा राग येत नाही.

पिवळ्या पाटीची गाडी असल्यास हे काम फिटनेसच्या तारखेआधी उरकावे. वाहतुकीच्या गाड्यांना आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, आणि त्या तपासणीत ब्रेकही पाहिले जातात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व नूतनीकरणाच्या वेळी तीही तपासणीला जाते, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी वरच्या चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा कराव्यात आणि मिस्त्रीला शेजारी बसवून एक चढ पाहावा. नवी केबल सुरुवातीला थोडी ताणली जाते आणि नवे शू ड्रमला बसायला काही दिवस घेतात, म्हणून साधारण पाचशे किलोमीटरनंतर क्लचची मोकळी चाल आणि हँडब्रेकचे खटके पुन्हा मोजावेत. दोन्हींत फरक पडलेला असेल तर तो जुळवून घ्यावा आणि तारखेसह किलोमीटरचा आकडा पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा.